आमेन न म्हणणाऱ्या आंटी

प्रार्थना संपली की ख्रिस्ती माणसं एकसुरात ‘आमेन’ म्हणतात, हे सिनेमे पाहून आता सगळ्यांनाच ठाऊक झालं आहे. ‘जे बोललं गेलं ते खरं आहे, तसंच होवो’ हा त्याचा अर्थ मात्र म्हणणाऱ्यांच्याही फारसा ध्यानात नसतो. आम्ही आमेन म्हणतो, कारण ते म्हटलं की डोळे उघडता येतात आणि आतून चहा येतो. समोरच्याची प्रार्थना शब्दन् शब्द ऐकून, मग आमेन म्हणायचं की नाही ते ठरवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या आमच्या घरमालकीण होत्या.

बाबा मौद्याच्या वीजकेंद्रात नोकरीला होते. पहाटे कंपनीची बस धरायची म्हणून आम्ही नागपुरात हुडकेश्वरला घर शोधत होतो. तेव्हा तिकडे अर्धे लेआउट रिकामेच होते. रस्ता कच्चा, प्लॉटात बाभळी, मधूनच एखादं सिमेंटचा वास येणारं नवं घर. घर दाखवताना मालक लोक घराचं कौतुक करतात हा आमचा अनुभव. या बाईंनी आम्हाला जिन्यावरच थांबवलं आणि घराची गाऱ्हाणी सांगायला सुरुवात केली. वरचा मजला उन्हाळ्यात तापतो. नळाला पाणी सकाळीच काय ते येतं. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आहे, नवा रंग दिला म्हणून दिसत नाही. शेवटी म्हणाल्या, “अन् मी चिडकी आहे. नंतर म्हणान का सांगितलं नाही.” बाबांनी घर आत जाऊन पाहिलंसुद्धा नाही. तिथेच हो म्हणून टाकलं.

आम्ही त्यांना आंटी म्हणायचो. आमच्या नागपूरच्या ख्रिस्ती लोकांत काकू आणि मावशी घरापुरत्या असतात, चर्चमध्ये सगळ्या बायका आंटी. या आंटी उंच, काटक, सुती साडीतल्या. टाचा फुटतात म्हणून भर उन्हाळ्यात चपलेत मोजे घालायच्या. नोकरी सगळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. ट्रंक कॉल जोडून जोडून आवाज असा खणखणीत झाला होता की त्या खाली अंगणात भाजीवाल्याशी बोलल्या तरी वर आम्हाला गवारीचा भाव कळायचा. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, एक बहीण उमरेडला. चर्चमध्ये पेटी वाजवायच्या. चर्च आमचंही तेच निघालं, त्यामुळे घरमालकीण रविवारीही सुटली नाही.

त्यांच्या आमेनचा पहिला प्रसाद मला आमच्या गल्लीतल्या एका घरप्रार्थनेत मिळाला. मी तेव्हा कॉलेजात होते. एका गृहस्थांनी भलीमोठी प्रार्थना केली. हे प्रभू, आम्ही रात्रंदिवस तुझंच स्मरण करतो, तुझ्यावाचून आम्हाला दुसरं काही नको. सगळे आमेन म्हणाले. आंटींचा आवाज नव्हता. बाकीच्यांचा नसता तर कळलं नसतं, पण त्यांचा नसला की पंखा बंद पडल्यासारखं वाटायचं. बशीतला आलूबोंडा खाता खाता त्या गृहस्थांना हळूच म्हणाल्या, “प्रार्थना छान होती भाऊ. फक्त ते रात्रंदिवसवालं माझ्याच्यानं झालं नाही.” हळूच म्हणजे त्यांच्या मानाने हळूच. सगळ्या खोलीनं ऐकलं.

गाण्यांचंही तसंच. सर्वस्व अर्पण केल्याची ओळ आली की त्यांची बोटं पेटीवर चालायची आणि तोंड मिटायचं. पुढची ओळ झेपणारी असली की पुन्हा उघडायचं. आम्हा पोरांना हा खेळच झाला होता. आंटी कोणत्या ओळीला गप्प बसतात यावर आम्ही मागच्या बाकावर पैजा लावायचो. पोरांनी त्यांचं नाव ‘हाफ आमेन’ पाडलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि त्यांना ते आवडायचंही. म्हणायच्या, अर्धं का होईना, खरं तर आहे.

आमच्यात एक वाक्य फार स्वस्त आहे: ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो.’ कोणी आजार सांगितला, मुलाची नोकरी सांगितली, की हे वाक्य फेकायचं आणि पुढे निघायचं. आंटी ते कधीच फेकायच्या नाहीत. एकदा सक्करदऱ्याच्या बाजारात मी त्यांची पिशवी धरून चालले होते. वाटेत चर्चमधल्या एक बाई भेटल्या. सुनेचं बाळंतपण अडलंय, प्रार्थनेत आठवण ठेवा म्हणाल्या. आंटी म्हणाल्या, “मी घरी जाऊन विसरून जाईन. आत्ताच करून टाकू.” आणि वांग्यांच्या ढिगासमोर, मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवत असताना, डोळे मिटून प्रार्थना सुरू. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वांगी विकणाऱ्या बाईने मात्र तराजू खाली ठेवला आणि आमेनपर्यंत हात जोडून उभी राहिली.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की बाई फटकळ होत्या आणि फटकळपणाला खरेपणा म्हणायच्या. तशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. दुसऱ्याबद्दल खरं बोलायला ती एका पायावर तयार असतात. आंटींचा खरेपणा स्वतःपासून सुरू व्हायचा. आमच्या चर्चमध्ये रविवारी साक्ष द्यायची पद्धत आहे. उभं राहून, आठवडाभरात देवाने काय केलं ते चारचौघांत सांगायचं. लोक परीक्षा, पगारवाढ, टळलेले अपघात सांगतात. एका रविवारी आंटी उठल्या आणि म्हणाल्या, “या हप्त्यात मी प्रार्थना केली नाही. रोज संध्याकाळी मालिका पाहिली. मले तिच्यात जास्त गोडी वाटली.” आणि बसल्या.  पाळकसाहेबांनी गीत सांगितलं आणि आंटींनी ते वाजवलं.

चुकायच्याही. गायनसंघातल्या एका मुलीला त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या की तुझा सूर लागत नाही, तू नुसती उभी राहा. मुलगी रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी आंटी तिच्या घरी गेल्या. ती गोष्ट त्या मुलीनेच मला पुढे सांगितली. आंटींनी सूर लागतो असं काही म्हटलं नाही. म्हणाल्या, “मी बोलली ते खरं होतं. पण मी ते तुले लागावं म्हणून बोलली. ते माझं पाप आहे.” मग तिला आठवड्यातून दोनदा घरी बोलावून सूर शिकवला. तो पुरता कधीच लागला नाही, पण मुलगी गायनसंघात राहिली.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, की एवढं कशाला मोजून मापून बोलता, देवाला काय कळत नाही का आपल्या मनातलं. त्या गॅलरीत शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, एक्स्चेंजमध्ये कॉल जोडून दिला की ऑपरेटरने ऐकायचं नसतं, पण लाइन नीट लागली का पाहायला ऐकावं लागतंच. मुंबईला पोरगा, इकडे आई. दोघं एकमेकांना सगळं ठीक आहे म्हणायचे. मुलाने फोन ठेवला, की ही आई रिसीव्हर हातात धरून रडायची. ते रडणं फक्त आंटींना ऐकू यायचं. “मले वाटे, मघाशीच रडली असती तर? प्रभू सांगते ना का मीच सत्य आहे. मंग त्याच्याकडं खोटं घेऊन गेलं तर तो भेटन कसा? आपण दुसऱ्याच कोणाले तरी भेटून येतो.” मला त्या वयात यातलं फारसं कळलं नाही. शेंगा तेवढ्या सोलल्या.

मग आई आजारी पडली. स्तनात गाठ निघाली, ऑपरेशन झालं आणि केमोचे डोस सुरू झाले. केस गेले. ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजायचा, म्हणून ती उशीवर हात ठेवून बसायची. आई मुळात अबोल. चर्चमध्ये नेहमी शेवटून दुसऱ्या बाकावर, आणि साक्ष द्यायला आयुष्यात कधी उठलेली नाही. डोस अर्ध्यावर आले होते आणि शहरात चंगाई सभा भरली. चंगाई म्हणजे प्रार्थनेने आजार बरा होणं. मोठं मैदान, मांडव, बाहेरगावाहून आलेले प्रचारक. महिला मंडळाच्या अध्यक्षबाई आईला प्रेमाने घेऊन गेल्या, आणि ते प्रेम खरं होतं हे मला आजही कबूल आहे. प्रचारकांनी आईच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मग तिच्यापुढे माइक धरला आणि हिंदीत विचारलं, बहन, प्रभू ने क्या किया? आईने हजारो माणसांसमोर सांगितलं, “मी बरी झाली.” मैदान गर्जलं. मी खाली उभी होते. तिचा चेहरा मी तेवढा उजळलेला कधी पाहिला नव्हता.

त्या दिवशी तिला खरोखरच दुखत नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर दुखायला लागलं.

आता त्या वाक्याचं काय करायचं? आईने त्याचा रस्ता असा काढला की दुखणंच नाकारायचं. हाताखालची उशी काढून टाकली, कारण उशी म्हणजे अविश्वास. भाकरी थापताना ओठ दाबायची. कोणी कशी आहेस विचारलं की प्रभूच्या कृपेने उत्तम. पुढच्या डोसची तारीख आली तेव्हा म्हणाली, मी जाणार नाही. बाबांनी काहून म्हणून विचारलं तर म्हणाली, “मी साक्ष दिली ना. आता दवाखान्यात गेली तर देवाले खोटं पाडल्यासारखं होईन.” बाबा देवाला भिणारे आणि आईला त्याहून भिणारे. त्यांनी एकदा समजावलं, दोनदा समजावलं आणि गप्प झाले. मी चिडले, रडले, डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, घेऊन या, उशीर करू नका. घेऊन कसं जायचं ते त्यांनी सांगितलं नाही. तारीख उलटून गेली. मग आणखी एक.

एप्रिलमध्ये आमच्या घरी आभाराची प्रार्थना ठरली. आई बरी झाली म्हणून देवाचे आभार मानायचे होते. पंधरावीस माणसं आमच्या तापलेल्या खोलीत दाटीवाटीने बसली. आंटी पेटी घेऊन जिना चढून आल्या होत्या. गीतं झाली. मग प्रार्थना ऐकू यावी म्हणून कोणी तरी कूलर बंद केला. अध्यक्षबाईंची प्रार्थना लांबत गेली तसे आमचे सगळ्यांचे कपडे पाठीला चिकटत गेले. शेवटी त्या म्हणाल्या, प्रभू, तू आमच्या बहिणीचा आजार मुळासकट उपटून टाकलास, आता तिच्या अंगात वेदनेचा अंशही नाही, म्हणून तुझे आभार. सगळे जोरात आमेन म्हणाले.

आंटींचा आवाज आला नाही. एरवी लोक हसून सोडून द्यायचे. त्या दिवशी कोणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी डोळे उघडले आणि शांतपणे विचारलं की आंटी, आज तरी म्हणा, एवढी मोठी गोष्ट झाली, तुमचा विश्वास नाही का?

“विश्वास आहे,” आंटी म्हणाल्या. “माहिती नाही.”

पेटीचा भाता बंद करून त्या उठल्या. गुडघ्यांवर हात टेकत खाटेपाशी आल्या आणि आईच्या शेजारी बसल्या. आईचा सुजलेला हात पदराखाली होता. आंटींनी तो पदर बाजूला केला नाही. नुसतं विचारलं, “दुखून राहिलं का वं?”

एवढा साधा प्रश्न आम्हाला कोणालाच विचारता आला नव्हता. मी विचारायचे ते ‘तू का जात नाहीस’, बाबा विचारायचे ‘बरी आहेस ना’. आईने बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अध्यक्षबाईंकडे पाहिलं. मग म्हणाली, थोडं. आंटी तिच्याकडे बघत राहिल्या. 

“खूप दुखून राहिलं, आंटी,” आई म्हणाली आणि रडायला लागली. ऑपरेशनच्या आधी रडली नव्हती, केस गेले तेव्हा रडली नव्हती. आता लहान पोर रडतं तशी मोठ्याने रडत होती, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आता हिचं काही तरी करता येईल.

अध्यक्षबाई घाबरून म्हणाल्या की असं तोंडाने कबूल करू नका, सैतानाला जागा मिळते. आंटींनी मान वर केली. “त्याले जागा खोट्यात मिळते, बाई. खऱ्यात कुठं राहीन तो?” मग त्यांनी आईचा चांगला हात हातात घेतला आणि कोणाला न विचारता प्रार्थना सुरू केली. ती मला जशीच्या तशी आठवते, कारण ती फार लहान होती. “प्रभू, हिले खूप दुखून राहिलं. हिनं तुले सांगितलं नाही, कारण हिले वाटलं तुझी इज्जत जाईन. हिले भीती वाटून राहिली, मलेही वाटून राहिली. तू बरं करू शकतो हे आम्हाले ठाऊक आहे. केलं का नाही, ते ठाऊक नाही. उद्या आम्ही हिले दवाखान्यात नेतो. तू पण चाल.”

पहिलं आमेन आईचं होतं. बाकीच्यांची आमेनं मागाहून, एकेक करून, बिचकत आली. अध्यक्षबाईंचं आलं नाही. त्यांना ते पटलं नव्हतं आणि त्यांनी ते म्हटलं नाही, याचं आंटींना पुढे कितीतरी दिवस कौतुक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई, मी आणि आंटी ऑटोने दवाखान्यात गेलो. डॉक्टर रागावले आणि त्यांनी डोस पुन्हा सुरू केले. घरात उशी परत आली.

पण आईचं समाधान होईना. हजारो माणसांसमोर बोललेलं वाक्य तसंच हवेत होतं. ती म्हणाली, मला चर्चमध्ये उभं राहून ते परत घ्यायचं आहे. आंटींनीच तिला अडवलं. म्हणाल्या, तुझ्या अंगात ताकद नाही, तुला जमत नसेल तर राहू दे, देवाला कळलं तेवढं पुरे. आई ऐकायची नाही. रविवारी साक्षीच्या वेळेला ती स्कार्फ सावरत, बाबांच्या खांद्याला धरून उभी राहिली. म्हणाली, “मी बरी झाली असं मी सांगितलं होतं. मले तेव्हा तसं वाटलं होतं. मी बरी झाली नाही. माझा इलाज चालू आहे. माझ्यासाठी प्रार्थना करा.”  मग पेटीमागून आंटींचं आमेन आलं. आख्खं, खणखणीत. पाळकसाहेबांच्या हातातलं पुस्तक हललं.

उपासना संपल्यावर काही माणसं आम्हाला टाळून बाहेर गेली. सायकलस्टँडपाशी मात्र एक अनोळखी बाई आईची वाट बघत उभी होती. तिने त्या सभेनंतर आपल्या शुगरच्या गोळ्या बंद केल्या होत्या. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. विचारत होती, पुन्हा सुरू करू का? आई म्हणाली, आजच. आणि त्या दोघी, एकमेकींचं नावही न विचारता, तिथेच बराच वेळ हात धरून उभ्या राहिल्या.

अध्यक्षबाई बरेच दिवस आल्या नाहीत. मग एकदा संत्री घेऊन आल्या. म्हणाल्या, तुम्ही केलं ते मला अजून पटलेलं नाही, पण तुमची काळजी वाटते, त्याशिवाय राहवत नाही. आंटी तिथेच बसल्या होत्या. त्यांनी एक संत्रं सोलून अर्धं अध्यक्षबाईंना दिलं. तेव्हापासून त्या दोघींचं चांगलं जमलं.

आईला त्यानंतर चांगली वर्षं मिळाली. केस परत आले, पूर्वीपेक्षा कुरळे. मला नोकरी लागलेली तिने पाहिली. कोणी विचारलं की ती म्हणायची, आंटींमुळे वाचले. आंटींना ते मुळीच खपायचं नाही. त्या म्हणायच्या, औषध डॉक्टरांनी दिलं, बरं करणारा वर बसलाय, मी फक्त विचारलं.

मग आजार परत आला आणि या खेपेला हाडांत शिरला. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. आम्ही घरी येऊन आईला सांगितलं, कारण आता आमच्या घरात बाजूला घेऊन बोलायची सवय राहिली नव्हती. त्या दिवशी आईने आंटींना विचारलं की मी यातून उठेन का. “मले माहीत नाही वं,” आंटी म्हणाल्या. “पण मी रोज येईन.” गुडघे पार गेलेले असताना त्या रोज तो जिना चढल्या. कधी पेटीवर एखादं गीत वाजवायच्या, कधी नुसत्याच खुर्चीत बसून पेंगायच्या. पेंग आली की लपवायच्या नाहीत, डोळा लागला होता म्हणून सांगायच्या.

आंटीही आता नाहीत. शेवटी शेवटी उमरेडला बहिणीच्या मुलीकडे होत्या, तिथेच गेल्या. त्यांच्या मातीच्या वेळी एक वडीलधारे म्हणाले की या माउलीने आयुष्यात कोणाला दुखावलं नाही. मला भर दफनभूमीत हसू आलं. अर्धं चर्च त्यांनी दुखावलं होतं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी तसंच सांगितलं, आणि हेही सांगितलं की त्यांच्यामुळे माझ्या आईचं माझ्याशी बोलणं उरलं. आजाऱ्याच्या घरात खोट्या धीराचे जे पडदे लागतात, ते आमच्याकडे पुन्हा लागले नाहीत. आई गेली तेव्हा तिच्या-माझ्यात सांगायचं राहिलेलं काही नव्हतं. यासाठी मी आंटींची किती ऋणी आहे, ते मला अजून नीट बोलता येत नाही.

एक दुपार मात्र सांगते. आईचे शेवटचे दिवस होते. उन्हं तापलेली, कूलर चालू, आंटी खुर्चीत. मी आईचे पाय चेपत होते. ती छताकडे बघत म्हणाली, “मले तुझं लग्न पाहायचं होतं. आता नाही होणार ते.”

अशा वेळी काय म्हणायचं असतं ते सगळ्यांना पाठ असतं. असं बोलू नये, तू ठणठणीत होशील, तूच तर अक्षता, नाही, आमच्यात फुलं, तूच तर फुलं टाकशील. ते सगळं माझ्या जिभेवर आलं. मी आंटींकडे पाहिलं. त्या जाग्या होत्या. मला सोडवायला काही त्या पुढे झाल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत होत्या.

“हो,” मी म्हटलं. “नाही होणार.”

आईने श्वास सोडला. मला वाटलं मी तिला मारलंच. पण तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, माझा हात शोधला आणि घट्ट धरला. “मंग इथं बस,” ती म्हणाली. “आत्ताच सांगून ठेवतो तुले.”

आणि तिने सांगायला सुरुवात केली. साडी पांढरीशुभ्र घेऊ नको, तुला शोभत नाही, मोतिया घे. बाबांना भाषण करू देऊ नको, रडतील, त्यांच्या खिशात माझा रुमाल ठेव. जेवणात सावजी मटण नको, बाहेरच्या पाहुण्यांना झेपत नाही. आंटींची उमरेडची मंडळी आदल्या दिवशीच येतील, त्यांच्यासाठी गाद्या लागतील, कूलर दोन सांगा. आंटींनी मध्येच विचारलं की अन् मुलगा? आई म्हणाली, तो तिचा ती पाहीन, आणि दोघी हसत सुटल्या. हसताना आईला दुखत होतं. दुखतंय म्हणून ती सांगत होती, थोडं थांबत होती आणि पुन्हा पुढे सांगत होती. कोणाला पहिल्या बाकावर बसवायचं, कोण रुसेल, रुसलं तर कोणी समजवायला जायचं, वेणीत कोणती फुलं. ऊन उतरून खिडकीतून सावली आत आली तरी तिचं संपलं नव्हतं.

ती सारी दुपार आई माझ्या लग्नात होती.